वृद्धसेवा केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना फोनवरून सल्ला: फोन करायचा कोणी?

दिवेलागण (धागाकर्ती)

अकरा वर्षं एका निवासी केंद्रात सिस्टर म्हणून काढली. शेवटी कमरेनेच हात टेकले आणि उचल-ठेव सुटली. गेली तीन वर्षं घरी बसून चार केंद्रांच्या कर्मचाऱ्यांना फोनवर आणि व्हिडिओवर मदत करते, संध्याकाळी सात ते सकाळी सात. माझ्या मागे एक डॉक्टर असतात, औषधाचे निर्णय त्यांचे. माझं काम त्याच्या अलीकडचं. पलंगाशी जी उभी आहे तिला नीट बघायला मदत करायची, आणि आता काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, कुणाला उठवायचं हे तिच्यासोबत ठरवायचं.

एक प्रसंग सांगते म्हणजे मुद्दा कळेल. रात्री पावणेतीनला फोन आला. "ताई, तसं काही नाही, पण सतरा नंबरचे आजोबा आज फार शांत आहेत."

मी विचारलं, रोज कसे असतात?

"रोज बाराला उठून माझ्याशी भांडतात. पॅसेजमधला लाईट बंद कर म्हणून. आज बोललेच नाहीत."

बीपी, नाडी, ऑक्सिजन सगळं ठीक. पाळी बदलतानाच्या, हँडओव्हरच्या वहीत संध्याकाळच्या पाळीने लिहिलेलं, 'शांत झोप'. मी म्हटलं, नावाने हाक मार, हात हातात घे आणि आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग. आजोबा "रविवार... रविवार..." करत राहिले आणि म्हणता म्हणता डोळे मिटले. मग फोन औषधांच्या ट्रॉलीला टेकवून ठेवायला लावला आणि डोक्यापासून पायापर्यंत बघत आलो. मी विचारायचं, तिने हात लावून सांगायचं. चादर बाजूला केली तर कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी मांडीखाली दबलेली. रात्री आठपासून पिशवीत जेमतेम शंभर मिली. ओटीपोट हाताला टणक. नळी मोकळी केली तशी पिशवी भरायला लागली. डॉक्टरांना तेव्हाच उठवलं, सकाळी बाकीच्या तपासण्या झाल्या. दुसऱ्या रात्री बाराला आजोबांनी लाईटवरून भांडण काढलं.

डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ, म्हटलं की लोकांना आरडाओरडा, नळ्या उपसणं डोळ्यांसमोर येतं. वृद्धांमध्ये त्याचा गप्प पडून राहणारा प्रकारच जास्त निसटतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही. उलट वहीत कौतुकाने लिहिला जातो.

आता मुद्दा. फोन करणारी मुलगी नर्स नव्हती. चार महिन्यांपूर्वी लागलेली काळजीवाहक. त्या केंद्रात कुणीही मला फोन करू शकतं. दुसऱ्या एका केंद्रात नियम आहे की फोन फक्त इन्चार्ज सिस्टरने करायचा. तिथून मला रात्रीचे फोन येतच नाहीत. सकाळी सहाला येतात, आणि ते बहुतेक वेळा "रात्रीपासून जरा..." असे सुरू होतात.

तुमच्याकडे कशी पद्धत आहे? केंद्रात काम करणाऱ्यांनी आणि चालवणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा.

---

रातपाळी

मी केअरटेकर आहे. सहा वर्षं. रात्रीच जास्त.

आमच्याकडे असा नंबर आहे म्हणे. तो इन्चार्ज सिस्टरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. कपाटाला कुलूप आहे. पुढचं काय सांगू.

एकदा मी सिस्टरना उठवलं होतं, एक आजी पाणी पिताना सारख्या खोकतायत म्हणून. त्या आल्या तेव्हा आजी मस्त झोपलेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला डॉक्टर व्हायचंय का?" त्यानंतर मी बघते, मनात ठेवते आणि सकाळी सांगते.

---

वाचनखूण

रातपाळी ताई, कपाटाचं वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. वाचतेय.

---

मोजपट्टी

वृद्धांचा डॉक्टर आहे. फोनच्या दुसऱ्या टोकाला बरीच वर्षं बसलोय, म्हणून थोडं लांब लिहितो.

फोनवर सगळ्यात उपयोगी वाक्य कुठलं, तर "रोज असे नसतात." बाकीचं सगळं मोजता येतं, हे मोजता येत नाही. मला त्या माणसाचं रोजचं रूप माहीतच नसतं. इन्चार्जलाही पुष्कळदा नसतं. अंघोळ घालणाऱ्याला, भरवणाऱ्याला असतं. त्यामुळे धागाकर्तीच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे, फोन त्याच माणसाने करावा.

आकडे नकोत असं नाही. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये तब्येत बिघडतेय का ते ओळखायला न्यूज नावाची गुणपद्धत आणली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पाचला घाई, सातला धावपळ. 2017 मध्ये ती सुधारली तेव्हा 'नव्याने आलेला गोंधळ' त्यात घातला आणि त्याला एकदम 3 गुण दिले. म्हणजे सतरा नंबरच्या आजोबांचे बाकी सगळे आकडे चांगले असूनही त्या एका खुणेने घंटा वाजायला हवी होती. ती मशीनमध्ये दिसत नाही, रोज भांडण ऐकणाऱ्या मुलीला दिसते.

आकड्यांत फसण्याच्या जागाही सांगून ठेवतो. वृद्धांना ताप चढेलच असं नाही. निमोनिया असून थर्मामीटर नव्याण्णव दाखवतो. केंद्रात राहणाऱ्या वृद्धांसाठी अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या 2008 च्या मार्गदर्शनात तोंडात घेतलेला 100 फॅरनहाइट हाच ताप धरलाय, आणि रोजच्या तापमानापेक्षा 2 अंशांनी वाढ झाली तरी ताप. म्हणजे पुन्हा तेच, 'रोजचं' किती ते कुठेतरी लिहिलेलं हवं. ऑक्सिमीटर गार बोटांवर, नेलपॉलिशवर चुकतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, तसा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने 2021 मध्ये दिला. आणि श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट मोजा. "सोळा असतील" असं सांगणाऱ्याने मोजलेले नसतात, हे मी आवाजावरून ओळखतो.

सांगायचं कसं, त्यासाठी एसबीएआर नावाची घडी आहे. मूळ अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, नंतर दवाखान्यांत आली. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, तुला काय वाटतं, तुला काय हवंय. या चारांतली तिसरी आणि चौथी पायरी लोक खातात. "तुला काय वाटतं?" असं विचारलं की पलीकडे शांतता. ज्याला आयुष्यभर 'तुला डॉक्टर व्हायचंय का' ऐकावं लागलंय तो काय बोलणार?

रातपाळी, पाणी पिताना सारखा खोकला हे गिळण्याच्या त्रासाचं पक्कं लक्षण आहे. पाणी फुप्फुसात उतरत असू शकतं. तुम्ही उठवलंत ते बरोबरच केलंत.

---

उंबरठा

दुसरी बाजूही येऊ द्या. मी एक केंद्र चालवतो आणि आमच्याकडे नियम 'फक्त इन्चार्ज' असाच आहे. हौस म्हणून केलेला नाही.

सुरुवातीला आम्ही नंबर सगळ्यांना दिला होता. एका रात्रीत एकाच आजींसाठी तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा फोन केला. सल्लाही तीन तऱ्हेचा मिळाला, कारण प्रत्येकाने वेगळं सांगितलं होतं. सकाळी कुटुंबाला काय सांगायचं? दुसरं म्हणजे, आजींच्या पाठीचा फोटो एका मुलाने स्वतःच्या मोबाइलवरून पाठवला आणि तो त्याच्या गॅलरीत तसाच राहिला. हे बाहेर गेलं असतं तर? तिसरं, जबाबदारी. फोनवर कुणी "थांबून बघा" म्हणालं, यांनी थांबून बघितलं, आणि काही कमीजास्त झालं, तर दारात लोक माझ्या येतात. फोनवाल्याच्या येत नाहीत.

आणि एक खरं बोलतो, राग मानू नका. काही मुलं विचार करणंच सोडतात. डायपर बदलू का, हेही फोनवर.

---

दिवेलागण

उंबरठा, राग कसला. तीन फोन, तीन सल्ले हे माझ्याकडेही झालंय. त्यावर आम्ही केलेला उपाय साधा आहे. रात्रीच्या पाळीला एकच फोन, तो केंद्राचा. तो मधल्या टेबलावर दोरीला बांधलेला असतो, हो, बँकेतल्या पेनसारखा. शेजारी एक वही. फोन कुणीही करायचा, पण आधी वहीत ओळ लिहायची: वेळ, पलंग, काय दिसलं. दुसरा माणूस फोन उचलायला आला की आधीची ओळ त्याच्या डोळ्यांसमोर असते. फोटोही त्याच फोनवरून, आणि माझ्याकडे पोहोचून नोंद झाली की मी सांगते, "पुसून टाक, पुसलं म्हण."

इन्चार्जला डावलायचं नाही. मी फोन ठेवताना दर वेळी विचारते, सिस्टरना कोण सांगणार, कधी? ज्या गोष्टी तेव्हाच सांगायच्या त्यासाठी मी स्वतः सिस्टरना फोन लावते. त्या झोपेतून उठल्याचा राग मग माझ्यावर निघतो. तो मला पगारात मिळतो.

डायपरच्या फोनचं म्हणाल तर मलाही असे फोन येतात. पण 'डायपर बदलू का' या प्रश्नाच्या पोटात कधी कधी दुसराच प्रश्न असतो. एकदा खोदून विचारलं तेव्हा कळलं की आजी कूस बदलली की कळवळतात, म्हणून मुलगी बदलायला घाबरत होती. मांडीच्या सांध्याशी दुखत होतं. दोन दिवसांपूर्वी त्या पडल्या होत्या आणि कुणी सांगितलं नव्हतं.

फोन करायचाच नाही अशी यादीसुद्धा भिंतीवर हवी. चेहरा एका बाजूला ओघळला, हात गळाला, बोलणं जड झालं. घास अडकून श्वास घुसमटला. डोक्यावर पडले आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. श्वासाला धाप लागून वाक्य पुरं होत नाही. इथे मला फोन करण्यात एक मिनिटही घालवायचं नाही. घास अडकला असेल तर आधी पाठीत थापा मारायच्या, बाकीच्यांत आधी अॅम्ब्युलन्स. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मला लावा, मी सोबत थांबते. पक्षाघातात 'शेवटचं नीट कधी पाहिलं' ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो हिशोब लक्षण दिसल्यापासून धरत नाहीत, शेवटचं ठीक पाहिल्यापासून धरतात. रात्रीचा राउंड नुसता सह्यांपुरता झाला असेल तर ती वेळच कुणाकडे नसते.

---

सुईदोरा

जखमांची ड्रेसिंग हे माझं काम. आता निम्मं काम फोटोवर चालतं, म्हणून फोटोविषयी बोलते. कारण फोटो फार खोटं बोलतो.

परवा एक फोटो आला. माकडहाडावर गुलाबीसर डाग, खाली लिहिलंय, 'बेडसोर सुरू, काय लावू?' मी म्हटलं, काही लावू नकोस, बोटाने दाब आणि सोड. पांढरं पडतंय का? "नाही ताई, तसंच लाल राहतंय." म्हणजे पहिली पायरी सुरू झालेली. मग विचारलं, आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, कडक लागतं का? "मधे कडक आणि एका कडेला भिजलेल्या कणकेसारखं." हे शेवटचं वाक्य ऐकून मी त्याच दिवशी प्रत्यक्ष गेले. वरची कातडी शाबूत आणि आत खोल मार, असं होऊ शकतं. फोटोत ते गुलाबी डाग म्हणूनच येतं.

गडद त्वचेवर तर लाली दिसतच नाही. तिथे रंगाची वाट बघत बसलात तर थेट फुटलेली जखम दिसते. हाताच्या उलट्या बाजूने ऊब बघा, टणकपणा बघा, आणि आजींना विचारा दुखतं का. विचारायचं राहूनच जातं.

फोटो काढायचाच तर ट्यूबलाइटखाली काढा, फ्लॅश बंद ठेवा, शेजारी कागदी पट्टी ठेवा, दर वेळी कूस तीच आणि अंतर तेच. चेहरा, पलंगावरची पाटी, नाव काहीही चौकटीत नको. आणि सोबत जे फोटोत येत नाही ते लिहा: वास, ओल, खोली. टाचांचाही फोटो काढा, कुणी मागितला नाही तरी. उशी पोटरीखाली घालून टाच अधांतरी ठेवायची असते. मी ज्या केंद्रात जाते तिथे उशी थेट टाचेखाली असते, प्रेमाने ठेवलेली. कूस देताना पूर्ण आडवं वळवू नका, तीस अंश पुरे. पाठीमागे उशी सरकवली की झालं.

पावडर, पेस्ट, घरचं तेल... जाऊ दे, त्याचा वेगळा धागा काढेन. लाल जागा चोळू नका एवढंच आत्ता.

---

रिकामी_खुर्ची

मी यातला नाही. माझी आई एका केंद्रात आहे. धागा वाचून बरंही वाटलं आणि अस्वस्थही. रात्री तीनला माझ्या आईची चादर बाजूला करून कुणी फोनवर दाखवत असेल तर तिला ते विचारतात का? ती आता धड बोलत नाही, पण लाजते. मला ते माहीत आहे.

---

दिवेलागण

खुर्ची, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार चांगलं झालं. मी आधीच लिहायला हवं होतं.

केंद्रात दाखल करताना संमतीचा कागद असतो, फोनवरून सल्ला, फोटो, कुणाला दिसणार, किती दिवस ठेवणार हे सगळं त्यात. तो तुमच्याकडे असेल, नसेल तर मागून घ्या. पण तुम्ही विचारताय ते कागदाबद्दल नाही.

माझी रीत सांगते. कॅमेरा आधी माझ्यावर. मी आजींशी बोलते, मी कोण, कशाला बघायचं आहे. मग काळजीवाहकाने त्यांच्या कानाशी सांगायचं की आता ही ताई पाठ बघणार आहे. पडदा ओढायचा. जेवढं बघायचं तेवढीच जागा उघडी. शब्द येत नसतील तर चेहरा बघायचा, हात झटकला, कपडा धरून ठेवला तर कॅमेरा बंद आणि मुलीने नुसतं बोलून सांगायचं. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. कॅमेऱ्याविना काम होत नाही असं वाटणं ही आमचीच सवय.

दर वेळी हे सगळं होतं असं छातीवर हात ठेवून नाही सांगणार. पावणेतीनला दोन टप्पे गळतात. पण तुम्ही केंद्रात विचारा. कुटुंबाने विचारलं की ते टप्पे परत येतात.

---

रिकामी_खुर्ची

धन्यवाद ताई. कपडा धरून ठेवते ती. विचारतो.

---

कोळिष्टक

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या वागणुकीबद्दल कर्मचाऱ्यांना ऑनलाइन मार्गदर्शन करते. इथे सगळे रात्रीच्या एकेका फोनबद्दल बोलतायत, मी दुसऱ्या तऱ्हेबद्दल लिहिते. आठवड्याला एक तास, पाच-सहा केंद्रं एकदम स्क्रीनवर, एका केंद्राने एक माणूस मांडायचा आणि सगळ्यांनी डोकं लावायचं.

ही कल्पना अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या डॉ. संजीव अरोरा यांच्या प्रोजेक्ट इकोवरून सगळीकडे पसरली, 2003 पासून. ते यकृताचे डॉक्टर. हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात नंबर लागायला महिनोन्‌महिने लागायचे. त्यांनी रुग्ण बोलावण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना व्हिडिओवर शिकवायला घेतलं. 2011 मध्ये निकाल छापून आले: त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे होणारे 57.5 टक्के, लांबच्या डॉक्टरांकडे 58.2 टक्के. 2020 च्या साथीत हीच पद्धत अमेरिकेतल्या नर्सिंग होमसाठी वापरली गेली. सल्ला देऊन मोकळं न होता पलीकडचं माणूस तयार करायचं, हा त्यातला गाभा.

आमच्या गटात एकदा एक आजोबा आले, म्हणजे त्यांची हकीकत. अंघोळीच्या वेळी मारतात. केंद्राने विचारलं होतं, शांत राहायची गोळी सुरू करायची का? मी कर्मचाऱ्यांना म्हटलं, मारण्याच्या आधीचं एक मिनिट मला सावकाश सांगा. कोण कुठे उभं होतं, कुणाचा हात कुठे होता. मग तो अंघोळ घालणारा मुलगा खुर्चीतून उठला आणि कॅमेऱ्यासमोर करून दाखवायला लागला. पाणी ठीक, बोलणं ठीक, सदरा काढताना डावा हात वर. तिथेच तो स्वतः थांबला. "मॅडम, डावा हात वर केला की मारतात. उजव्याला नाही मारत." खांदा आखडलेला होता. दुखतं हे सांगता येत नव्हतं, म्हणून हात उगारत होते. सदरा पुढून उघडणारा आणला, डॉक्टरांनी वेदनेवर औषध दिलं, अंघोळीची वेळ त्यानंतर ठेवली.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वेदनेसाठी पेनॅड नावाची पट्टी आहे, 2003 ची. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण, समजावल्यावर शांत होतात का, पाच गोष्टी, प्रत्येकी शून्य ते दोन. पाच मिनिटं बघत उभं राहायचं, एवढंच साधन लागतं. आणि त्या शांत करणाऱ्या गोळ्यांबद्दल सांगायचं तर स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक चौकटीतला इशारा एफडीएने 2005 मध्ये नव्या औषधांवर आणि 2008 मध्ये जुन्यांवरही छापायला लावला. कधी लागतात, नाही असं नाही. पण 'मारतात' या एका शब्दावर नकोत.

उंबरठा, मुलं विचार करणं सोडतात असं तुम्ही म्हणालात. त्या मुलाला मी उत्तर दिलं असतं तर त्याने सोडलाच असता.

---

मोजपट्टी

कोळिष्टक, खांद्याचा किस्सा भारी.

एक भर घालतो, कारण फोनवर सर्वांत जास्त वेळा ऐकतो ते हे: "लघवीला वास येतोय, पट्टीवर पॉझिटिव्ह आहे, अँटिबायोटिक सांगा." केंद्रात राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. कॅथेटर बरेच दिवस असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. वास बहुधा पाणी कमी पडल्याचा असतो. आग होते का, ताप आहे का, ओटीपोट दुखतं का, हे नसेल तर मी म्हणतो आधी पाणी वाढवा, बद्धकोष्ठ बघा, नवी गोळी कुठली सुरू झाली ते बघा, आणि चार तासांनी मला परत फोन करा.

आणि इथेच माझी तक्रार आहे. तो परतीचा फोन येत नाही.

---

रातपाळी

डॉक्टर, तो का येत नाही ते मी सांगू का. चार तासांनी पाळी बदललेली असते.

आमच्याकडे असंच झालं. संध्याकाळच्या सिस्टरनी कुणाला तरी फोन केला होता, एका आजोबांना उलट्या होत होत्या. पलीकडून सांगितलं, लक्ष ठेवा, परत झाली तर कळवा. मी आठला आले. मला सांगितलं, "संध्याकाळी जरा उलटी झाली होती, आता ठीक." फोन झाला होता, लक्ष ठेवायचं होतं, हे मला माहीतच नाही. साडेदहाला परत झाली. मी पुसलं, कपडे बदलले, पाणी पाजलं. मला वाटलं पहिलीच आहे, निदान माझ्यासाठी. पहाटे त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. आतडं अडकलं होतं.

ते वाचले. पण मला अजून वाटतं की मी पाणी पाजलं.

---

दिवेलागण

रातपाळी, तुम्हाला जे माहीत नव्हतं ते तुमच्या हातून चुकलं असं कसं म्हणायचं? चुकलं ते 'लक्ष ठेवा' या शब्दांत. कुणी ठेवायचं, कशावर ठेवायचं, कधीपर्यंत ठेवायचं, काहीच त्यात नाही. मी हे दोन शब्द वापरणं बंद केलंय. मी म्हणते, "रात्री दहा, बारा आणि दोनला पोट बघ, फुगलंय का, एकदा जरी उलटी झाली तरी थांबू नकोस, लाव फोन, दोनपर्यंत फोन आला नाही तर मी लावते." आणि समोरच्याकडून तेच परत म्हणून घेते. म्हणताना अर्धे लोक एक वेळ विसरतात. म्हणजे ऐकतानाही विसरलेले असतात.

सल्ल्याला मुदत हवी आणि पाळी बदलली तर तो कुणाच्या नावावर गेला ते वहीत हवं. फोन करणाऱ्याच्या ताकदीवर हे सोडता येत नाही. म्हणून परतीचा फोन माझ्या बाजूने, गजर लावून. मोजपट्टी, तुम्हीही लावा गजर. तुमच्या तक्रारीचं अर्धं उत्तर तुमच्याच मोबाइलमध्ये आहे.

आणि ताई, असं काही झालं की त्याच पहाटे कुणाशी तरी बोलायला हवं. मला काही फोन असे येतात ज्यात विचारायचं काहीच नसतं. एका मुलीने साडेचारला फोन केला, आजी गेल्या होत्या, सगळं रीतसर झालं होतं, डॉक्टर येऊन गेले होते, घरचे निघाले होते. "आता काय करू?" म्हणाली. मी म्हटलं बस. ती बसली. वीस मिनिटं आम्ही त्या आजींच्या वेणीबद्दल बोललो. ती रोज घालायची. हा फोन मी वहीत 'सल्ला' म्हणूनच लिहिला.

---

मोजपट्टी

गजर लावला. मान्य.

---

उंबरठा

दोन दिवस फक्त वाचत होतो. रातपाळींची ती संध्याकाळची पाळी माझ्याच केंद्रातली असू शकली असती. आमच्याकडेही फोन इन्चार्ज करते आणि सल्ला तिच्या डोक्यात राहतो. तो तिच्यासोबत घरी जातो. नियम मी जबाबदारी स्पष्ट राहावी म्हणून केला होता, तर तीच मधल्या मधे गळतेय.

एक महिना करून बघतो. केंद्राचा एक फोन, टेबलावर, दोरी बांधून. वही. भिंतीवर धागाकर्तीची 'आधी अॅम्ब्युलन्स' यादी. फोन कुणीही करेल, सल्ला देणारीने काय सांगितलं ते परत म्हणून दाखवायचं आणि इन्चार्जला कळवण्याची वेळ लिहायची. इन्चार्ज सिस्टरशी आज बोललो. त्यांना आधी वाटलं त्यांचा अधिकार काढतोय. मग म्हणाल्या, "म्हणजे मला रोज रात्री सगळ्यासाठी उठवणार नाहीत ना?" हा विचार मी कधी केलाच नव्हता.

फक्त वहीत रकाने किती ठेवू? आमच्या ऑफिसने तेरा रकान्यांचा तक्ता करून दिलाय.

---

सुईदोरा

तेरा? पहिल्या रात्रीनंतर कोरा राहील.

---

दिवेलागण

पाच पुरे. वेळ आणि पलंग. काय दिसलं, रोजच्यापेक्षा काय वेगळं. काय सांगितलं. परत कधी बघायचं. आता कुणाकडे. तिसऱ्या-चौथ्या रात्री लोक समासात लिहायला लागतील. महिन्याने समासात काय लिहिलंय ते बघून रकाना वाढवा.

---

रातपाळी

उंबरठा साहेब, एक सांगू? नंबर मोठ्या अक्षरात लिहा. फार मोठ्या. रात्री आम्ही पॅसेजचा लाईट बंद ठेवतो, सतरा नंबर सगळीकडेच असतात. आणि खाली लिहा की फोन केल्याबद्दल सकाळी कुणाला काही विचारणार नाही. सही तुमची.

---

उंबरठा

लिहितो. सही करतो.